मोटरीचं साल

सोमवार, रात्रीचे पावणेबारा

येळवस, म्हणजे वेळ अमावस्येची शेतातली पूजा, करून आज दुपारी संभाजीनगरला परत आले, बसमध्ये पूर्ण रस्ता झोपले, आता झोप येत नाही. डब्यात आईनं बांधून दिलेले दोन उंडे आणि भज्जी आहे, आंबील मात्र रस्त्यात सांडलं, बॅगेला ताकाचा वास सुटलाय. लिहिते थोडं, डोक्यात चाललंय ते उतरलं तर बरं.

परवा शेतात कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाल्यावर अण्णा आंबील शिंपडत शेताला फेरी मारत होते आणि बोअरजवळ आल्यावर त्यांनी मोटरीच्या पेटीवर पण शिंपडलं. मी ओरडले, अण्णा शॉक बसंल! तर म्हणाले, "राबतो की तो बी वर्षभर, त्याला नको का?" तो म्हणजे मोबाइल स्टार्टर. पेटीत एक सिम आहे, अण्णा घरून फोन लावतात, मोटर चालू होते, मग पेटी उलटा फोन करून सांगते की चालू झाली. फेज गेला तर सांगते. बोअरचं पाणी तुटलं की मोटरीचे अँपिअर पडतात, ते ओळखून मोटर बंद करते, नाहीतर कोरडी फिरून जळालीच समजा, आणि रिवाइंडिंगचा खर्च आमच्याकडं घरोघरी पाठ आहे. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा आमच्या बोअरनं पण मान टाकली होती, तवापासून अण्णांना या अँपिअरचं लई कौतुक.

फोनमध्ये त्यांनी त्याचं नाव 'मोटर गडी' असं टाकलंय.

जेवताना त्यांनीच सांगितलं, हसत हसत, की दिवाळीनंतर हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, लाइटीची पाळी रात्रीची, आणि फोन लावला तर बाई म्हणायली या नंबरवर इनकमिंग बंद आहे. सिमची मुदत संपलेली. मग बॅटरी आणि काठी घेऊन रात्री दीड वाजता दोन किलोमीटर चालत गेले, मोटर हातानं चालू केली, दारं धरली, आणि पहाटे आले. वय एकाहत्तर. तो रिचार्ज मी करते. मी विसरले होते. मला घास गिळंना, तर अण्णा म्हणतात, "गड्याचा पगार थकला तर गडी येत नसतो बाई, त्याची काय चूक? आता पाडव्याला आख्ख्या वर्षाचं टाकून दे, सालगड्याचं साल पाडव्यालाच ठरतं." मी विचारलं मला तेव्हाच का नाही सांगितलं, तर आई ताटात बघायला लागली.

बसमध्ये बसल्यावर मला मार्क वाइझर आठवला. मागं कधीतरी त्याचा लेख वाचला होता, झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रातला हा माणूस, 1991 मध्ये त्यानं लिहून ठेवलंय की कॉम्प्युटर पुढं दिसेनासा होईल, भिंतीत, टेबलात, कागदासारख्या पाट्यांत मुरून जाईल आणि आपण त्याच्याकडं लक्ष न देता त्याला वापरू. आणि यासाठी त्यानं उदाहरण कशाचं दिलंय, तर मोटरीचं! आधी कारखान्यात एकच मोठं इंजिन असायचं, पट्ट्यांवर सगळी यंत्रं फिरायची, मग छोट्या स्वस्त मोटरी आल्या आणि प्रत्येक यंत्रात जाऊन बसल्या, एका साध्या कारमध्येच बावीस निघतात म्हणे आणि चालवणाऱ्याला एकीचा पण पत्ता नसतो. लेख लई भारी आहे, पण आमच्या गावात मोटर कधीच दिसेनाशी झाली नाही. सकाळी पारावर पहिला विषय मोटर असतो. चालू हाय का, जळाली का, फेज आले का, केबल कुणी कापली.

पुढं 1998 च्या सुमारास फिलिप्सवाल्यांकडून 'अँबियंट इंटेलिजन्स' हा शब्द आला, म्हणजे घर स्वतःच ओळखणार कोण आलं, काय पाहिजे. 2001 ला युरोपियन कमिशनच्या सल्लागार गटानं तर 2010 सालचं जग कसं असेल याच्या गोष्टीच लिहिल्या, त्यातली मारिया परदेशात उतरते आणि हॉटेलची खोली तिच्या आवडीप्रमाणे आपोआप तयार होते.

आपोआप हा शब्द अण्णांना चालत नाही हे मला या खेपेला कळालं. पेटीला ऑटोचं बटण आहे, लाइट आली की मोटर स्वतःच उठते, ते अण्णा कधीच वापरत नाहीत. मी म्हणलं ऑटोवर टाका की, झोप तरी लागंल. तर म्हणाले, सगळ्यांनी टाकलं होतं एका साली, लाइट आली की चाळीस मोटरी एका दमात उठायच्या, डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला, आणि नवा येईपर्यंत ऊस माना टाकून उभा. शिवाय पाइप कुठं निसटला तर रात्रभर पाणी रस्त्यावर. "त्यानं मला इचारावं, मी हो म्हणावं, मग उठावं." एवढा साधा करार.

माझ्या फ्लॅटमध्ये असा करार कुणाशीच नाही. पॅसेजमध्ये सेन्सरचा दिवा आहे, गिझरचा प्लग वायफायवर, हॉलमध्ये तो बोलका डबा, म्हणजे नाव घेऊन हुकूम दिला की ऐकणारा स्मार्ट स्पीकर. दिवाळीनंतर आई पंधरा दिवस राहिली तेव्हा पॅसेजमध्ये पाट टाकून मेथी निवडत बसायची, तिथं वारं येतं म्हणून, आणि दर दोन मिनिटाला दिवा बंद व्हायचा. त्या सेन्सरला अंगाची हलती ऊबच कळते, माणूस शांत बसलं की त्याच्या लेखी तिथं कुणी नाहीच. मग आई मेथीची जुडी वर करून हलवायची. "मी हाय म्हणून याला किती येळा सांगू?"

परवा शेतात हे सगळं अण्णांना सांगत होते तर त्यांनी डब्याचं विचारलं, ते सारखं ऐकलालंय का आपलं? मी समजावलं की नाव घेईपर्यंत डब्यातल्या डब्यात दोन-चार सेकंदांचं ऐकून पुसत राहतं, नाव ऐकू आलं की मग पुढचं कंपनीच्या सर्व्हरवर जातं. अण्णांनी बोटं चाटली.

"मग त्याचं साल कोण देतं?"

म्हणलं एकदाच पैसे दिलेत, तीन हजार.

"तीन हजारात जलमभराचा गडी? येडी का खुळी. मग दुसरं कोणीतरी देत असंल त्याला."

विषय तिथंच संपला, कारण चुलत्यांनी भज्जीचं पातेलं पुढं सरकवलं. पण आत्ता इथं हॉलमध्ये अंधारात त्या डब्याकडं बघत बसल्यावर तेच डोक्यात आलं, म्हणून मोबाइलवर त्याचं अॅप उघडून पहिल्यांदाच रेकॉर्डिंगची यादी बघितली. मला माहीत होतं अशी यादी असते, बघितली नव्हती कधी. पाचचा गजर लाव. गाणं बंद कर. पाऊस पडेल का. माझाच आवाज, आणि ऐकताना किती हुकूम सोडल्यासारखा वाटतो.

खाली खाली गेले तर दिवाळीनंतरच्या आठवड्यातली एक नोंद, पुढं शब्द नाहीत, नुसतं 'समजलं नाही'. आईच्या बोलण्यातला कुठलातरी शब्द त्याला स्वतःचं नाव वाटला असणार. दाबलं. सहा-सात सेकंद. आई फोनवर बोलायलीय, मागं कुकरची शिट्टी.

"...न्हाई, तिला नका सांगू, रिचार्ज तीच करती नव्हं, जिवाला लावून घेती. रातच्याला एकटं कशाला गेलाव तुम्ही, साप-किरडू..."

तिथं तुटतं.

तीनदा ऐकलं. डिलीटचं बटण शेजारीच आहे, अजून दाबलं नाही. मोटरीचा वर्षाचा रिचार्ज आत्ताच मारला, पाडव्याची वाट न बघता. पाचचा गजर हातानंच लावला मोबाइलवर, आणि उंडे फ्रिजमध्ये ठेवायचे राहिलेत.