रणगाड्यातली खोली

इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या रणगाडा संग्रहालयात एक सेंच्युरियन रणगाडा उभा चिरून ठेवलाय. फणस चिरावा तसा, लांबीत, दोन फाका. मधून माणसाला चालत जाता येतं. मी पूल नावाच्या गावी राहतो, तिथून वूल स्टेशन ट्रेनने जवळच, पुढे दोनेक मैल चालायचं. सहा वर्षांत किती वेळा गेलो त्याचा हिशेब नाही. बहुतेक लोक टायगर १३१ बघायला येतात. १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला हा जर्मन रणगाडा आजही चालतो, त्यामुळे गर्दी तिथेच असते. मी मात्र सरळ त्या दोन फाकांमध्ये जाऊन उभा राहतो.

त्याला कारण मामा. १९९७ च्या मे महिन्यात मामाने मला नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवलं होतं. मामा सैन्यात ई.एम.ई.मध्ये, म्हणजे यंत्रदुरुस्तीच्या शाखेत, मेकॅनिक होता. १९७१ ला वीस वर्षांचा होता आणि सेंच्युरियन दुरुस्त करायचा. पुढे निवृत्त होऊन बेस्टच्या डेपोत लागला. नगरला त्याने मला प्रत्येक गाडीभोवती फिरवलं (तो रणगाडा म्हणत नाही, गाडीच म्हणतो) आणि कुठला नट कुठल्या पान्याने सुटतो ते सांगितलं. पण सगळी झाकणं बंद होती. मी विचारलं, "मामा, आत काय असतं?" तो म्हणाला, "खोली असते. आपल्यापेक्षा लहान. चार जण राहतात."

आपली खोली म्हणजे लालबागची, दहा बाय बाराची. तिथे तेव्हा आम्ही सुट्टीत नऊ जण झोपायचो.

गेल्या वर्षी मी ती रणगाड्यातली खोली करायला घेतली. १:३५ या प्रमाणात. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये हेच प्रमाण सर्वात जास्त चालतं, आणि त्याची कथा मला फार आवडते. साठच्या दशकाच्या सुरुवातीला टामिया या जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचं चालणारं मॉडेल काढलं. आत मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात, म्हणून त्या हिशेबाने आकार ठरवला, आणि मग मोजलं तर तो पस्तिसाव्या हिश्श्याच्या आसपास निघाला. म्हणजे आत काय मावतं यावरूनच हे प्रमाण ठरलं.

सेंच्युरियनचा सांगाडा साधारण साडेसात मीटर लांब, तो मॉडेलमध्ये साडेएकवीस सेंटिमीटर होतो. पाच फूट आठ इंचाचा माणूस पाच सेंटिमीटरच्या जरा आत. वीस पौंडी तोफेच्या नळीचा आतला व्यास ८४ मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे २.४ मिलिमीटर, उदबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड. हे आकडे मला आता पाढ्यांसारखे पाठ झालेत.

मॉडेलचं किट, म्हणजे जोडायचे प्लास्टिकचे सुटे भाग, बाहेरून सुंदर होतं, आतून कोरं. त्यात साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनांचे गोल ठसे प्लास्टिकवर राहतात. कारखानेवाले ते शक्यतो आतल्या बाजूला ठेवतात, तिकडे कोण बघतंय म्हणून. आतलं काम करायचं तर पहिले दोन आठवडे हे ठसे पुटीने भरून घासण्यातच जातात. दुसरी अडचण जाडीची. सेंच्युरियनचं पुढचं चिलखत ७६ मिलिमीटर, मॉडेलमध्ये दोन मिलिमीटरहून थोडं जास्त हवं. टरेटचं, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटाचं, तोंड १५२ मिलिमीटर, तिथे चार मिलिमीटरच्या वर. किटचं प्लास्टिक त्यामानाने फारच पातळ. झाकण बंद असेल तर कुणाला कळत नाही, पण उघडं ठेवलं की कड दिसते आणि सगळा रणगाडा पत्र्याच्या डब्यासारखा वाटायला लागतो. म्हणून कडांना आतून पट्ट्या लावून जाडी आणली. ती जाडी आणली की आतली जागा आणखी आक्रसते. बाहेरून केवढं धूड, आणि आत कोपर हलवायला जागा नाही. हे पुस्तकात वाचून कळलं नव्हतं, पट्ट्या लावताना कळलं.

मग माणसांच्या जागा. तोफेच्या उजवीकडे पुढे गनर (नेम धरणारा), त्याच्या मागे कमांडर. डावीकडे लोडर (गोळे भरणारा) एकटा. ड्रायव्हर खाली पुढे उजवीकडे, आणि त्याच्या डाव्या हाताला गोळ्यांचा साठा. चौघांच्या मधोमध तोफेचं बूड. आणि एक वस्तू, जी मी सगळ्यात आधी केली: पाणी उकळायचं भांडं. चहासाठी माणसांना गाडीबाहेर उतरावं लागू नये म्हणून ब्रिटिशांनी सेंच्युरियनपासून ते रणगाड्यातच बसवलं. इथले लोक हे मोठ्या अभिमानाने सांगतात. मामाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "आम्हाला चहा लंगरच्या गाडीतून यायचा, डब्यात. थंड व्हायचा, पण यायचा."

सगळे भाग कापून, रंगवून मी नोव्हेंबरमध्ये मामाला व्हिडिओ कॉलवर दाखवले. पांढरा रंग त्याच्याच आठवणीवरून दिला होता. शुद्ध पांढरा मॉडेलवर डोळ्यांत खुपतो, म्हणून थेंबभर पिवळी माती मिसळून लोण्याकडे झुकवलेला. तोफेचे गोळे रॅकमध्ये ओळीने. सीट, रेडिओ, विस्तव विझवायची नळकांडी, सगळं जागच्या जागी. मामाने बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "छान केलंयस. पण इथे कुणी राहिलेलं नाही. वावर नाही."

वावर. सहा वर्षं इंग्रजी मासिकांतून मी रंग झिजवण्याच्या युक्त्या वाचत होतो, पण कुठे झिजवायचं हे नीट कळत नव्हतं. या शब्दाने ते कळलं. रंग सगळीकडे सारखा उडत नाही. आमच्या खोलीचा उंबरा मधोमध खोलगट होता, कडांना नाही. मोरीच्या दाराची कडी चकचकीत, बिजागरी काळी. भिंतीला डोक्याच्या उंचीवर तेलाचा डाग, कारण आजोबा तिथेच टेकून बसायचे.

मग मी मामाला एकेक विचारत गेलो. ड्रायव्हर आत कसा उतरतो? "सीटवर पाय देऊन, दुसरं कुठे देणार?" म्हणजे सीटच्या पाठीवर चिखल, आणि झाकणाच्या कडेला हातांची झीज. लोडर कुठे उभा राहतो? तिथे जमिनीचा रंग पूर्ण गेलेला, धातू उघडा. गनर बसला की उठत नाही, त्याच्या पायाखाली फक्त एकाच जागी घासलेलं. कमांडर वर-खाली करतो, म्हणून त्याच्या कठड्याचा रंग आतल्या बाजूने गेलेला. छताचा रंग मात्र जवळजवळ नवा, फक्त धुराने पिवळट.

करायची रीत अशी. खाली धातूचा रंग, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर पांढरा. वाळल्यावर ओल्या ब्रशने हळूच घासलं की खालचा स्प्रे विरघळतो आणि पांढरा पोपड्याने सुटतो. मग तपकिरी तैलरंग पातळ करून कोपऱ्यांत सोडायचा. काळा वापरू नका, पांढऱ्यावर काळा कोळशासारखा दिसतो. मळ तपकिरीच असतो.

वायरिंग राहिलं होतं. ते मुद्दाम मुंबईसाठी ठेवलं. इथे तांब्याची बारीक तार ऑनलाइन मागवली तर चार हात तारेला जेवणाएवढे पैसे पडतात. डिसेंबरमध्ये घरी आलो, दुसऱ्याच दिवशी मामा मला लोहार चाळीत घेऊन गेला. गर्दीत माझा हात धरून, मी चाळिशीला आलोय तरी. दुकानदाराकडे त्याने मोटर वाइंडिंगची तीस नंबरची तार मागितली. तीस नंबर म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, पस्तिसाने गुणलं की एक सेंटिमीटरची केबल. वर तिला आधीच लाखेसारखा तपकिरी लेप असतो, रंगवायची गरजच नाही. मामाने नखाने लेप खरवडून बघितला आणि मान डोलावली.

पाच दिवस आम्ही खोलीत पाटावर काम केलं. मामीने निवडायचे तांदूळ बाजूला सरकवून जागा करून दिली. विमानात लोडरच्या बाजूचा एक रॅक निसटून खुळखुळत होता, तो एम-सीलच्या कणीने परत बसवला. टरेट आणि वरचं छत मी चिकटवलेलं नाही, लहान चुंबकांवर ठेवलंय, उचललं की निघतं. मामाचे हात आता थरथरतात. बारीक काम त्याने केलं नाही, फक्त बोट दाखवलं. "ही वायर अशी लोंबत नाही. लोंबली तर लोडरच्या कोपरात अडकते. इथे क्लिप आहे." तिथे क्लिप केली.

शेवटच्या दिवशी त्याने टॉर्च मागितला. छत उचललं, टॉर्च तिरपा धरून एक डोळा मिटून आत बघत बसला. मामी दोनदा जेवायला हाक मारून गेली. मग त्याने नातवाच्या कंपासमधली पेन्सिल घेतली, आणि लोडरच्या झाकणाच्या कडेवर, आतून, एका जागी शिसं घासलं. थरथरत्या हाताने, नखाएवढ्या जागेत. पेन्सिलीचं शिसं पांढऱ्यावर उघड्या लोखंडासारखं चमकतं, हे मलाही माहीत होतं. त्या जागी करायचं मात्र सुचलं नव्हतं.

"इथे धरून वर यायचो आम्ही," तो म्हणाला. "क्रू वेगळा, आम्ही वेगळे. मेकॅनिक घाईत असतो, हातात पाना असतो, म्हणून एकाच हाताने धरतो."

मग त्याने मागचं झाकण उचलायला बोट लावलं. ते उचलत नव्हतं, मी चिकटवून टाकलं होतं.

"इंजिन कुठाय?"

मीटिओर इंजिन. रोल्स-रॉइसच्या मर्लिनचंच रूप, स्पिटफायर विमानात होतं ते, फक्त सुपरचार्जरशिवाय. बारा सिलिंडर, २७ लिटर, ६५० अश्वशक्ती. मामाचा सगळा तरुणपणा त्याच्यात गेलाय, आणि मी वर जाळ्या लावून मोकळा झालो होतो.

मॉडेल लालबागलाच ठेवून आलोय, शोकेसमध्ये, छत बाजूला काढून. परत आल्यावर पहिल्याच शनिवारी बॉव्हिंग्टनला गेलो, या वेळी फाकांच्या मागच्या टोकाला. मोजपट्टी आणि वही घेऊन. मामाला फोन लावून कॅमेरा धरला, तर तो म्हणाला, "जरा खाली घे. मॅग्नेटो दिसत नाही."