परमिट हातात होतं, तरी तार जिवंत होती

गावात फायबरचं काम सुरू झालं की कोणीतरी म्हणतंच, "भाऊ, ही तर काचेची तार. हिच्यात कुठं करंट असतो?" काचेपुरतं ते खरंच आहे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. पण आम्ही त्या दिवशी ओढत होतो ती केबल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी होती. खालच्या गोलात फायबर आणि वरच्या गोलात सगळं वजन पेलणारी पोलादी तार. पोलादातून वीज बिनदिक्कत वाहते. शिवाय ही केबल टांगायची विजेच्याच खांबांवर, घरांना वीज देणाऱ्या लघुदाबाच्या तारांखाली. शिडीवर चढलेल्या माणसाचं डोकं त्या तारांपासून फार लांब राहत नाही.

गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. ग्रामपंचायतीपासून शाळेपर्यंत केबल न्यायची होती. मे महिना, लग्नसराई ऐन भरात. उन्हाच्या आधी जेवढं होईल तेवढं उरकायचं म्हणून आम्ही सकाळीच लागलो.

सगळ्यात जास्त विचार रस्ता ओलांडण्याच्या जागेचा केला होता. खान्देशात दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात. फाळके लावून, वर रचून भरलेली गाडी खाली आलेली केबल सहज ओढून नेते, आणि केबलीबरोबर खांबही खाली येतो. लघुदाबाच्या तारेला रस्त्यावर किमान ५.८ मीटर उंची ठेवावी लागते. केबललाही आम्ही तेवढीच ठेवतो. गावातला खांब ८ मीटरचा. त्याचा सहावा हिस्सा जमिनीत गेला की वर साडेसहा मीटरहून थोडा जास्त उरतो, आणि त्याचा माथा तारांनी अडवलेला असतो. त्याच खांबांवरून रस्ता ओलांडायचा तर एक तर केबल फार खाली येते, नाहीतर तारांना भिडते. म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, लाइनीपासून हटून, आमचे ९ मीटरचे स्वतंत्र खांब आधीच उभे केले होते. बुडाशी काँक्रीट आणि केबलीच्या ओढीच्या उलट्या बाजूला स्टे, म्हणजे खांबाला मागून ताणून धरणारी तार. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. नुसता मातीत ठोकलेला खांब तिथं सरळ राहत नाही.

झोळाबद्दल, म्हणजे दोन खांबांमध्ये तार किती लोंबती सोडायची त्याबद्दल, थोडं सांगतो, कारण त्यावरून आमच्यात नेहमी वाद होतो. तार ताठ दिसली की लोकांना काम चांगलं वाटतं. पण दोन खांबांमधल्या ५० मीटरच्या गाळ्यात अर्धा मीटर झोळ सोडला, तर तारेची लांबी सरळ अंतरापेक्षा जेमतेम १३ मिलिमीटर जास्त भरते. आणि ४५ अंशांच्या उन्हात ओढलेलं पोलाद थंडीत १० अंशांवर आलं की तेवढ्याच गाळ्यात २० मिलिमीटरच्या आसपास आकसू पाहतं. म्हणजे मे महिन्यात नेटकी दिसणारी तार जानेवारीत खांबाला ओढायला लागते. म्हणून झोळ त्या दिवशीचं तापमान बघून तक्त्याप्रमाणे सोडायचा, डोळ्यांना बरं दिसतं म्हणून नाही.

परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी, सकाळीच घेतलं होतं. वायरमन अण्णांनी डीपीवरचे, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचे, फ्युज काढून स्वतःच्या पिशवीत टाकले आणि मला कागदावर वेळ लिहून दिली. मग आम्ही इन्सुलेटेड काठीवरच्या टेस्टरनं प्रत्येक तार तपासली. तिन्ही फेज, न्यूट्रल आणि स्ट्रीटलाइटची तारसुद्धा. ही तार बरेच जण विसरतात, आणि तिचा स्विच पुष्कळदा वेगळा असतो. नंतर कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंगची चेन लावली, म्हणजे तारा जमिनीला जोडून ठेवल्या. चेन लावताना आधी जमिनीतल्या सळईला जोडायचं, मग तारांना. काढताना उलटं.

दुपारी जेवण करून आम्ही रस्त्याकडच्या शेवटच्या खांबावर आलो. पहिल्या जागेची चेन काढून आणली होती, इथं अजून लावायची होती. आमच्यातल्या सगळ्यात लहान पोरानं शिडी लावली, पट्टा कसला आणि केबलीचं टोक खांद्यावर घेतलं. मागे ती पोलादी तार जमिनीवर पसरलेली, आणि दोघं ती हातात धरून उभे. मी म्हटलं, "थांब, टेस्ट करू दे." तो म्हणाला, "दादा, सकाळीच केली ना? फ्युज तर अण्णांच्या पिशवीत आहेत."

तेवढ्यात गल्लीतून पोरांचा आवाज आला, "लाइट उनी! लाइट उनी!" म्हणजे वीज आली.

शेजारच्या ओट्यावरून आत बघितलं, तर पंखा फिरत होता.

मी ओरडलो, "खाली! तार टाका!" पोरगा दुसऱ्या पायरीवर होता, त्यानं उडीच मारली. काठी वर नेली. दोन फेज बंद होते. तिसऱ्याला काठी लागताच टेस्टर पेटला. अण्णा धावत आले. पिशवी उघडून दाखवली, तिन्ही फ्युज आतच होते. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी बघितला. माझीही छाती धडधडत होती. पोरगा वर गेला असता आणि त्याच्या खांद्यावरची तार त्या फेजला लागली असती, तर खाली तार धरून उभे असलेले दोघंही त्याच्याबरोबर गेले असते.

मग आम्ही लाइनीच्या कडेनं चालत निघालो. पाच-सहा खांब पुढं लग्नाचा मांडव होता. मागे भाड्याचा मोठा जनरेटर ओझ्याखाली घरघरत होता आणि धूर काळा येत होता. मांडवाच्या दोन वायरी थेट लाइनीवर आकडे टाकून अडकवलेल्या. सकाळी वीज गेल्यावर त्यांनी बराच वेळ वाट बघितली, आणि जेवणाच्या पंगती बसायची वेळ झाल्यावर जनरेटर सुरू केला. आकडे तसेच राहिले. मांडववाला हात जोडून म्हणाला, "भो, आकडा काढाना ऱ्हायी गया." त्याचा जनरेटर मांडवाबरोबर त्या फेजवरची घरंही चालवत होता.

डीपीचे फ्युज काढलेले होते, म्हणून हे गल्लीपुरतं राहिलं. ते जागेवर असते आणि वीज नुसती वरून बंद केलेली असती, तर जनरेटरची वीज ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढली असती. जो ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्ट उतरवून देतो, तोच उलट्या दिशेनं तेवढे चढवूही शकतो. तिकडं शिवारात एखादा लाइनमन खांबावर असता, तर त्याला कशाचाच पत्ता लागला नसता.

अण्णांनी जनरेटर बंद करायला लावला, आकडे उतरवले आणि मांडवाची वायरिंग लाइनीपासून पूर्ण वेगळी केल्याशिवाय तो परत सुरू करू दिला नाही. नवरीचे वडील स्वतः येऊन उभे राहिले. चिडले नाहीत. "पोरगं बरं आहे ना?" एवढंच विचारलं आणि आम्हा सगळ्यांना पाणी पाजलं. आम्ही पुन्हा टेस्ट केली, दोन्ही बाजूंना चेन लावली आणि मगच पोरगा चढला. मी दुसऱ्याला पाठवत होतो, पण तोच म्हणाला, "मीच जातो."

संध्याकाळी केबल रस्त्यावरून गेली. उंची काठीनं मोजून घेतली. परमिट परत देण्याआधी माणसं एकेक नाव घेऊन मोजली, चेन काढली, आणि मग अण्णांनी फ्युज बसवले.

आता परमिट मागण्याआधी आमच्यातला एक जण लाइनीखालून पूर्ण फिरून येतो. लग्न कुठं आहे, जनरेटर कुणाकडं आहे, इन्व्हर्टर आणि सोलर कुठं आहेत, आकडे कुठं पडलेत, हे विचारतो आणि परमिटच्या कागदामागे लिहून ठेवतो. आणि खांब बदलला की टेस्ट नव्यानं, चेन नव्यानं.