तो गोल आर टाकून द्या ना

नागपूरच्या महाल भागात माझं डीटीपी अन् फ्लेक्सचं छोटंसं दुकान आहे, त्यामुळे दिवसातून एकदा तरी हे ऐकावंच लागतं, "भाऊ, लोगोच्या बाजूला तो गोल आर टाकून द्या ना, भारी दिसते." मी म्हणतो, बापा, तो ® काही दागिना नाही, ट्रेडमार्कचं रजिस्ट्रेशन हाती आल्याशिवाय लावता येत नाही, हवं तर टीएम लावून देतो, म्हणजे 'हा आमचा ट्रेडमार्क' एवढंच सांगणारी दोन अक्षरं, त्याला अर्जसुद्धा केलेला लागत नाही. की लगेच, "काहून? दोन्ही एकच ना जी?"

एकच नाही ना. पण ह्यात लोकांची चूक नाही, शब्दांचीच खिचडी झालेली आहे. गिऱ्हाईक नुसतं "नाव" म्हणते आणि मला कॉम्प्युटरवर डिझाइनचं कोरलड्रॉ उघडण्याआधी विचारत बसावं लागतं की बिलबुकावरचं फर्मचं नाव म्हणता, पाकिटावरचा ब्रँड म्हणता, की ते चित्र, म्हणजे लोगो. आणि ह्यातलं ज्याच्यावरून लोक तुमचा माल ओळखतात ते ट्रेडमार्क, मग ते अक्षर असो की चित्र. फर्मचं नाव आणि लोकांच्या तोंडातलं नाव वेगळं असणं तर आपल्या नागपूरला काही नवीन नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे मिल काढली, कंपनीचं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी, एवढं कोण बोलते, सगळ्यांसाठी ती एम्प्रेस मिल. आता मिल गेली, नाव मॉलला लागलं. विकोचंही तसंच, विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी हे लांबलचक नाव कागदावर राहिलं आणि पेस्टच्या ट्यूबवर आली फक्त आद्याक्षरं.

सरकारी मराठीत ट्रेडमार्कला व्यापारचिन्ह म्हणतात, लोगोला बोधचिन्ह. बोधचिन्ह म्हटलं की मला संमेलनाची पत्रिका आठवते, आजवर एकाही दुकानदाराने माझ्याकडे येऊन बोधचिन्ह मागितलेलं नाही. ब्रँडला नाममुद्रा असा शब्द वाचलाय, सुंदर आहे, पण बोलताना वापरला तर समोरचा म्हणेल तब्येत बरी नाही का. त्यापेक्षा आपले जुने छाप आणि मार्का हे शब्द किती कामाचे होते. गाय छाप, घोडा छाप, कंदील छाप. वाचता न येणारा माणूसही काउंटरवर चित्राचं नाव घेऊन माल मागायचा. म्हणजे छाप ही नुसती डोळ्याने बघायची गोष्ट नव्हती, तोंडाने मागायची होती. आता माझ्याकडे जे लोगो बनवून घेतात, एक वळणदार इंग्रजी अक्षर, त्याच्याभोवती अर्धवट गोल, खाली एक पान... ते काउंटरवर मागायचे कसे सांगा?

हे मला शिकवलं एका काकूंनी. घरी सावजी मसाला करतात, बरणीवर दोनच शब्द हवे होते, सावजी मसाला. त्यांच्या भाच्याने ट्रेडमार्कसाठी ऑनलाइन अर्ज केला, मसाले ३० नंबरच्या क्लासमध्ये, म्हणजे मालाच्या वर्गात, येतात, एकट्या माणसाला एका क्लासची ४५०० रुपये फी, ती भरली आणि काही महिन्यांनी स्टेटसवर 'ऑब्जेक्टेड', म्हणजे ऑफिसने तपासणीच्या रिपोर्टात हरकत घेतली. काकू पार हादरल्या, "काय गुन्हा केला जी मी?" गुन्हा कसला. ट्रेडमार्क कायद्याच्या ९ व्या कलमात आहे की जो शब्द नुसतं मालाचं वर्णन करतो किंवा त्या धंद्यात सगळेच वापरतात तो सहसा एकट्याच्या नावावर होत नाही. आणि नागपुरात सावजी म्हणजे काय, मूळ कोष्टी समाजाच्या रस्स्याची चव, आता गल्लीगल्लीत बोर्ड. तो शब्द एकाला दिला तर अर्ध्या शहराचे बोर्ड उतरवावे लागतील, म्हणजे मला धंदा मिळेल ती गोष्ट वेगळी. संत्र्याचंही थोडंफार असंच, नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, पण तो त्या भागाचा, एका दुकानदाराचा नाही.

त्या रिपोर्टला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. मी म्हटलं काकू, उत्तर भाचा देईल, पण तुमचं स्वतःचं काहीतरी शोधा. त्यांनी घरातला दगडी खलबत्ता आणून टेबलावर ठेवला, बत्त्याची एक कड उडालेली, आम्ही ती उडालेली कड तशीच ठेवून चित्र काढलं, शेजारी टीएम. मला वाटलं झालं, खलबत्ता छाप, काय झक्कास बोलता येते!

कसलं काय. महिनाभराने इतवारीत एका किराणा दुकानात उभा होतो तर एक बाई दुकानातल्या पोट्ट्याला म्हणते, "तो लाल झाकणवाला मसाला दे रे." पोट्ट्याने न बघता काकूंची बरणी काढून दिली. चार दिवस डोकं लावून काढलेल्या खलबत्त्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि झाकण लाल काहून, तर त्या दिवशी ठोक बाजारात त्याच बरण्या स्वस्तात होत्या. घरी येऊन १९९९ चा ट्रेडमार्क कायदा उघडला तर व्याख्येतच लिहिलेलं आहे की मालाचा आकार, त्याचं पॅकिंग, रंगांचा मेळ हेसुद्धा ट्रेडमार्क होऊ शकतं. म्हणजे बाई कायद्यालाच धरून बोलत होती म्हणायची. आता नुसतं एक लाल झाकण एका माणसाच्या नावावर होणं सोपं नाही म्हणा, लाल झाकणं काय कमी आहेत बाजारात.

काल काकूंचा फोन आला. ठोकवाल्याकडे लाल झाकणं संपली, निळी आहेत, वर दर पण कमी लावतो म्हणतो, घेऊ का? मी म्हटलं थांबा, मीच येतो स्कूटर घेऊन, सगळा गांधीबाग पालथा घालू पण निळी घेऊ नका.