स्त्रियांच्या सेवेबद्दल मंडळीचं धोरण ठरवताना: माझा अनुभव

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) वडीलमंडळाने, म्हणजे कारभार पाहणाऱ्या वडिलांच्या गटाने, नेमलेल्या अभ्यासगटात टिपणं ठेवण्याचं काम माझ्याकडे होतं. आठ जण, चार स्त्रिया आणि चार पुरुष, नऊ महिने. आमच्या हाती दिलेला प्रश्न एका ओळीचा होता: स्त्रीने पाळक व्हावं का? पहिल्या दोन बैठका या ओळीपायीच वाया गेल्या. पाळकपद हे शेवटचं टोक आहे, मतभेद त्याच्या बरेच अलीकडे सुरू होतात.

तिसऱ्या बैठकीत बायबलची वचनं बाजूला ठेवून फक्त कामं लिहून काढली. शास्त्रवाचन, प्रार्थना आणि गीतं चालवणं, प्रभुभोजनाची भाकर व प्याला देणं, बाप्तिस्मा, रविवारचा संदेश, स्त्री-पुरुष एकत्र बसतात तो बायबल अभ्यास, किशोरवर्ग, मिशनरी म्हणून पाठवणी, डीकन (मंडळीचा सेवक-अधिकारी), वडील, पाळक. प्रत्येक कामापुढे तीन रकाने आखले: आज कोण करतं, मंडळीची घटना काय म्हणते, आणि आधार कोणत्या वचनाचा. तिसरा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा राहिला. ज्याला आपण शिकवण समजत होतो त्यातलं बरंच नुसती वहिवाट निघालं. किशोरवर्गावर तर पूर्ण बैठक गेली. 'पुरुषाला शिकवू नये' असं मानलं तर मुलगा पुरुष कधी होतो, तेराव्या वर्षी की अठराव्या? मिशनरीचंही तेच. परमुलखात पुरुषांना वचन शिकवायला जिला पाठवतो, तिने परत आल्यावर व्यासपीठावरून बोलायचं नाही, हा नियम ठेवायचा असेल तर दोन्ही ठिकाणी टिकेल असं कारण द्यावं लागतं.

वचनांकडे वळण्याआधी आपला पंथ काय बांधून देतो ते तपासा. इथे पद आणि पदनाम यांतला घोळ सगळ्यांत महाग पडतो. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनने, म्हणजे बॅप्टिस्ट मंडळ्यांच्या मोठ्या संघाने, २००० साली आपल्या विश्वासकथनात पाळकाचं पद पुरुषांपुरतं असल्याचं लिहिलं. पण 'बालपाळक' किंवा 'सहपाळक' म्हणवणारी स्त्री त्यात बसते का, यावर वाद उरलाच. फेब्रुवारी २०२३ मध्ये सॅडलबॅक ही त्यांची अतिशय मोठी मंडळी याच मुद्द्यावर बाहेर काढली गेली आणि जूनमधल्या अधिवेशनाने तो निर्णय कायम केला. पुढच्या वर्षी हीच अट घटनेत घालण्याचा ठराव आला. त्याला सुमारे ६१ टक्के मतं मिळाली, पण दोन तृतीयांश लागत असल्याने तो पडला. बॅप्टिस्ट मंडळ्या स्वायत्त असतात. कन्व्हेन्शन संबंध तोडू शकतं, पाळकाला पदावरून काढू शकत नाही. तुमच्या पंथात हे अधिकार कुणाकडे आहेत, ते पहिल्याच महिन्यात लेखी मागवून घ्या.

वचनांचा अभ्यास १ तीमथ्य २:१२ पासून (स्त्रीने पुरुषाला शिकवू नये, त्याच्यावर अधिकार चालवू नये) सुरू करू नका. आम्ही केला, आणि बाकीची सगळी वचनं त्या एकाच्या उजेडात वाचली गेली. नंतर क्रम बदलला: उत्पत्ती १ ते ३, मग जुन्या करारातल्या संदेष्ट्या दबोरा आणि हुल्दा, मग प्रेषितांची कृत्ये १८:२६, जिथे प्रिस्किल्ला आणि अक्विला अपुल्लोला अधिक अचूक मार्ग समजावतात, मग रोम १६. आपल्या मराठी शास्त्रात फिबी 'सेविका' आहे. मूळ ग्रीक शब्द 'दियाकोनोस', म्हणजे ज्यावरून डीकन हे पद आलं तोच. त्याच अध्यायातल्या युनियाबद्दल दोन वाचनं आहेत, 'प्रेषितांमध्ये नामांकित' आणि 'प्रेषितांना चांगली माहीत'. या वादात दोन बाजू आहेत: काही सेवा पुरुषांपुरत्याच असं म्हणणारे भूमिकाभेदवाले आणि सगळ्या सेवा दोघांना खुल्या असं म्हणणारे समानतावाले. दोघांनाही ती दोन्ही वाचनं समजावून सांगता आली पाहिजेत.

१ करिंथ १४:३४ मध्ये स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं असं आहे, पण त्याच पत्रात ११:५ मध्ये स्त्री प्रार्थना करते, संदेश देते. त्यामुळे सरसकट मौन हा अर्थ दोन्ही बाजूंचे गंभीर अभ्यासक घेत नाहीत. काहींच्या मते हे मौन संदेशांची पारख करण्यापुरतं आहे. काही हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं चाळिसाव्या वचनानंतर येतात, हेही गटाला माहीत हवं.

मग तीमथ्य. इथे घाई करू नका, आम्ही चार बैठका दिल्या. 'अधिकार चालवणं' असं ज्याचं भाषांतर होतं ते 'अवथेन्तेइन' हे क्रियापद नव्या करारात एकदाच येतं. तो साधा अधिकार की हडेलहप्पी, यावर एक वाद. 'शिकवणं' आणि 'अधिकार चालवणं' या दोन मनाया की मिळून एक, हा दुसरा, आणि व्यवहारात जास्त महत्त्वाचा. एकच मनाई मानली तर वडिलांच्या देखरेखीखाली स्त्री संदेश देऊ शकते. दोन मानल्या तर नाही. पौल पुढे आदाम आधी घडला असं कारण देतो, म्हणून हा नियम एका गावापुरता नाही, हा भूमिकाभेद मानणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा. तीमथ्य ज्या इफिस शहरात होता तिथे खोटी शिकवण पसरली होती आणि अकराव्या वचनात स्त्रीने शिकावं अशी आज्ञा आहे, हा समानता मानणाऱ्यांचा. मी समानतेच्या बाजूची आहे, तरी तेराव्या वचनाला बगल देऊन हा वाद जिंकता येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही बाजूंची मूळ निवेदनं वाचा, ती थोडक्यात आहेत: भूमिकाभेदाचं डॅनव्हर्स निवेदन १९८७ मध्ये तयार झालं, समानतेचं १९८९ मध्ये आलं. आम्ही प्रत्येकाला विरुद्ध बाजू अशी मांडायला लावली की त्या बाजूच्या माणसाने 'हो, हेच माझं म्हणणं' असं म्हणावं. ज्याला हे जमलं नाही त्याने त्या दिवशी मत द्यायचं नाही. स्त्रीसेवा ही आधुनिक स्त्रीवादाची आयात आहे, असा आरोप निघाला तर इतिहास समोर ठेवा: साल्व्हेशन आर्मीच्या सहसंस्थापक कॅथरीन बूथ यांची स्त्रियांच्या उपदेशाच्या हक्कावरची पुस्तिका १८५९ ची आहे. आणि भूमिकाभेद मानणारा प्रत्येक जण स्त्रियांना तुच्छ लेखतो, हा उलट आरोपही टिपणात येऊ देऊ नका.

मसुदा पुन्हा कामांच्या यादीवर बेतला. प्रत्येक कामापुढे 'खुलं' किंवा 'फक्त पुरुष वडील', आणि खाली आधाराचं वचन. 'योग्य परिस्थितीत', 'सहसा' असे शब्द खोडले, कारण अशा शब्दांचा अर्थ दर वेळी वेगळाच कुणीतरी लावतो आणि आज सेवा करणाऱ्या स्त्रीला प्रत्येक रविवारी नव्याने परवानगी मागावी लागते. ज्यांची कामं बदलणार होती त्यांना सभासदसभेच्या आधी, समोरासमोर सांगितलं. दोन सभा ठेवल्या, पहिली फक्त प्रश्नांची, दुसरी मतदानाची, मध्ये सहा आठवडे. असहमत सभासदांचं म्हणणं धोरणाच्या शेवटी त्यांच्याच शब्दांत जोडलं आणि फेरविचाराची तारीख पाच वर्षांनंतरची घातली.