किल्ली कुठे आहे ते शेजारच्या बोटीला माहीत असतं

सोमवार, सकाळ

आम्ही बंदरात नांगरलेल्या बोटीवर राहतो, आणि सगळ्या बोटी बिनतारी संचावर एकमेकींशी बोलतात तो सकाळचा रेडिओ आटोपल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. आज सूत्रं निळ्या पट्ट्याच्या बोटीवरच्या बाईंकडे होती. हे काम पाळीपाळीने सगळ्यांकडे येतं. पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुणी आजारी आहे का, कुणाला तातडीची काही अडचण? मग काही क्षण कुणीच बोलत नाही, आणि तेवढा वेळ बंदरातली प्रत्येक बोट कान देऊन असते. मग हवामान, भरती-ओहोटीच्या वेळा, काल कोण आलं, उद्या कोण निघणार. शेवटी कुणाला काय हवंय आणि कुणाकडे काय जास्तीचं आहे. एकाला इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं चाक, हवा होता. लगेच दोघांनी माप विचारलं, आणि चहा संपायच्या आत एक डिंगी (ये-जा करायची छोटी होडी) त्याच्या बोटीकडे निघालेलीसुद्धा दिसली.

१६ नंबरचं चॅनल फक्त हाक मारायला आणि संकटासाठी. एकदा हाकेला ओ मिळाली की पुढचं बोलणं दुसऱ्या चॅनलवर न्यायचं. ही शिस्त सगळे पाळतात, म्हणूनच रात्री १६वर आवाज आला की झोपेतला माणूसही उठतो.

मंगळवार, मध्यरात्र उलटून गेलीय

हात अजून थरथरतायत, पण आत्ताच लिहून ठेवते.

संध्याकाळपासून मंद वारा होता आणि सगळ्या बोटी एकाच दिशेला तोंड करून शांत उभ्या होत्या. जेवणं होताहोता विजा चमकायला लागल्या आणि वारा एकदम उलटा फिरला. वारा असा फिरला की बोट नांगराभोवती फिरून पार दुसऱ्या बाजूला जाते आणि तळात रुतलेल्या नांगराला उलटा हिसका बसतो. चांगला नांगर वळून पुन्हा रुततो. निळ्या बोटीचा रुतला नाही. बाहेरून ह्याची हाक आली, "अगं, शेजारची बोट सरकतेय!"

मी रेडिओवर सांगितलं. त्या बोटीवरचे दोघंही किनाऱ्यावर गेले होते. बोट वाऱ्याला आडवी होऊन मागच्या कॅटमरानच्या, म्हणजे जोड-सांगाड्याच्या बोटीच्या, रोखाने निघाली होती. आम्ही डिंगीतून पोचलो तर आजोबा आधीच वर चढलेले. (त्यांना आम्ही आजोबाच म्हणतो. ते एकटेच राहतात आणि बंदरातल्या प्रत्येक इंजिनाची खोड त्यांना ठाऊक आहे.) किल्ली जिन्याच्या पायरीखालच्या कप्प्यात असते, हे त्यांना माहीत होतं. बॅटरीचा मुख्य स्विच, समुद्राचं पाणी आत घेणारा कॉक, मग किल्ली. इंजिन सुरू झालं तरी आजोबांनी लगेच गिअर टाकला नाही. भर पावसात मागच्या कठड्यावरून वाकून त्यांनी धुराड्यातून पाणी पडतंय ना ते टॉर्चने पाहिलं. पाणी पडत नसेल तर इंजिन थोड्याच वेळात तापून बंद पडतं, आणि मग हातात काहीच उरत नाही. पाणी पडत होतं. त्यांनी बोट अगदी हळू पुढे घेतली, म्हणजे साखळीवरचा ताण गेला, आणि ह्याने पुढून नांगर वर खेचायला घेतला. मी आणि कॅटमरानवरची मुलगी दोन बोटींच्या मधे फेंडर, म्हणजे टक्कर झेलणाऱ्या गाद्या, धरून उभ्या होतो. एका क्षणी मधलं अंतर इतकं कमी झालं की मी तिच्या बोटीच्या कठड्याला हात लावू शकले असते.

नांगर वर आला तो समुद्री गवताचा भलामोठा गुंता घेऊन. त्याचं टोक मातीला लागलंच नव्हतं. ह्याने सुरीने गवत कापून काढलं, आजोबांनी बोट वाळूच्या पट्ट्यावर नेली आणि तिथे नांगर टाकला.

साखळी किती सोडायची त्याचा हिशेब इथे सगळ्यांना तोंडपाठ असतो. पाणी ५ मीटर, भरतीला आणखी २ चढणार, बोटीचं नाक पाण्यावर १ मीटर, म्हणजे ८ मीटर. साध्या हवेत त्याच्या पाचपट, ४० मीटर. वारा असेल तर सातपट, ५६. आज सातपट सोडली. मग इंजिन उलटं चालवून नांगर ताणला, आणि ह्याने पुढे उकिडवं बसून साखळीवर तळवा ठेवला. नांगर तळावरून फरफटत असेल तर साखळी थरथरते, धक्के देते. तळव्याला काहीही जाणवलं नाही. "धरलाय," तो म्हणाला.

ते दोघं भिजत परत आले तेव्हा त्यांची बोट भलत्याच जागी उभी होती आणि तिच्यावर आम्ही चौघं होतो. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं तर नाही ना?" बोटीबद्दल त्यांनी त्यानंतर विचारलं.

बुधवार

आज वारा नाही, सगळीकडे ओले कपडे वाळताहेत. कालचं डोक्यातून जात नाही.

स्वतःच्या जहाजाला गंभीर धोका नसेल तर समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाच्या मदतीला जाणं आंतरराष्ट्रीय कायद्याने प्रत्येक कप्तानावर बंधनकारक आहे. त्या कायद्यामागे जुनी रीत आहे आणि माणसं ती कायद्याच्या पलीकडे जाऊन पाळतात. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करायच्या २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात भारतीय खलाशी अभिलाष टॉमींच्या बोटीची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार लागला. त्याच वादळात आयरिश खलाशी ग्रेगर मॅकगकिनच्याही बोटीची डोलकाठी गेली होती. तरी तो तात्पुरती काठी उभी करून टॉमींच्या दिशेने निघाला. शेवटी ओसिरिस या फ्रेंच जहाजाने दोघांना उचललं. स्वतःची बोट मोडलेली असताना दुसऱ्याकडे वळलेला तो माणूस मला काल पावसात सारखा आठवत होता.

पण कायदा बोलतो जिवाबद्दल. रिकाम्या बोटीसाठी पावसात धावायला कुठलाही नियम सांगत नाही. काल जे झालं ते फक्त बंदरातल्या शेजारामुळे झालं, आणि त्याची तयारी आधीच झाली होती. कुणी आमच्याशेजारी नांगर टाकला की एक-दोन दिवसांत एकमेकांच्या बोटी पाहणं होतं. बाहेरून तो पाहुणचार वाटेल. आत मात्र किल्ली कुठे, बॅटरीचा स्विच कुठे, पाण्याचे कॉक कुठे, आग विझवायचं सिलिंडर कुठे, गॅस कुठून बंद करायचा, हे सगळं दाखवलं जातं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने बोट उडते, म्हणून ते सगळ्यात आधी. ज्यांचं आडनावही आपल्याला ठाऊक नाही त्यांच्या हाती आपण आपलं अख्खं घर देतो. जमिनीवर इतकी वर्षं एका जिन्यावर राहूनही मी कुणाला असं काही दाखवलं नव्हतं.

सगळेच गळ्यात गळे घालून असतात असं नाही. पाण्यावरून आवाज फार लांब जातो. रात्री उशिरापर्यंत जनरेटर चालवणाऱ्याशी बोलावंच लागतं. आधी आलेल्याच्या फिरायच्या वर्तुळात कुणी नांगर टाकला तर त्याला सांगावं लागतं. आणि काहींना एकांत हवा असतो, तोही इथे मिळतो. पडदे लावलेल्या बोटीला कुणी हाक मारत नाही. पण रात्री तिच्या काठीवरचा पांढरा नांगरदिवा लागला नाही, तर कुणीतरी नक्की चौकशीला जातं. मला हे फार मोलाचं वाटतं. तुमच्याशी कुणी बोलेलच असं नाही, पण तुमच्यावर नजर असते.

शुक्रवार

निळी बोट पुढच्या आठवड्यात निघतेय. इथली माणसं वादळांच्या पंचांगावर जगतात. उत्तर अटलांटिकमध्ये जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचे, दक्षिण पॅसिफिकमध्ये नोव्हेंबर ते एप्रिल. त्याआधी त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं किंवा सुरक्षित जागा गाठायची. त्यामुळे शेजार कायमचा नसतो, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक असतं. मला वाटतं, म्हणूनच इथे ओळख वाढवायला कुणी वेळ घालवत नाही. ते दोघं पनामा कालव्यातून जाणार आहेत. तिथे लहान बोटीला कप्तानाखेरीज दोर सांभाळायला चार माणसं लागतात, आणि अनेकदा रांगेतल्या दुसऱ्या बोटींवरचेच लोक एकमेकांसाठी जातात. बाई म्हणाल्या, "तुम्ही याल तेव्हा आम्ही पुढे गेलेलो असू, पण तिथे कुणी ना कुणी असेलच." मला त्याची खात्री आहे.

त्यांची रेडिओची पाळी आता माझ्याकडे आली आहे. दुपारी एक नवी बोट आली आणि निळी बोट पूर्वी उभी होती तिथेच नांगर टाकायला लागली. मी डिंगी घेऊन गेले, तळाशी गवत आहे हे सांगितलं आणि वाळूचा पट्टा दाखवला. त्यांनी नांगर उचलला, तिकडे जाऊन टाकला, आणि साखळी किती सोडलीत म्हणून मला विचारलं.