यूएसबी बोर्ड एका संगणकावर चालतो, दुसऱ्यावर नाही: माझा अनुभव

बोर्ड तोच, केबल तीच. एका संगणकाला जोडला की लगेच दिसायचा, दुसरा मात्र ढिम्म. विकणाऱ्याचं उत्तर ठरलेलं: 'ड्रायव्हर पुन्हा टाका.' आठवलं की अजून डोकं तापतं. दुसऱ्या संगणकाला काही जोडलंय हेच कळत नव्हतं, 'अनोळखी डिव्हाइस' असंही येत नव्हतं. ड्रायव्हरचा नंबर त्याच्या फार नंतर लागतो!

होस्टकडे, म्हणजे संगणकाच्या बाजूला, डी प्लस आणि डी मायनस या यूएसबीच्या दोन्ही डेटा तारा 15 किलोओहमच्या पुलडाउनने (खाली ओढणाऱ्या रेझिस्टरने) ग्राउंडकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, ओढलेल्या असतात. डिव्हाइसने, म्हणजे इथे बोर्डाने, त्यातली एक 1.5 किलोओहमच्या पुलअपने (वर खेचणाऱ्या रेझिस्टरने) 3.3 व्होल्टकडे खेचायची. डी प्लस खेचली तर फुल स्पीड, डी मायनस खेचली तर लो स्पीड (यूएसबीचे दोन वेग). हिशोबाने तारेवर 3.0 व्होल्ट येतात आणि होस्टला पाहुणा आल्याचं कळतं.

माझ्या बोर्डावर भिंगातून पाहिलं, तर पुलअपवर 152 (1.5 किलोओहमचा कोड) ऐवजी 103 छापलेलं. म्हणजे चक्क 10 किलोओहम! आता 3.3 गुणिले 15 भागिले 25 (10 आणि 15 ची बेरीज) करा: 1.98 व्होल्ट. होस्टने 'हाय' मानलाच पाहिजे ती पातळी 2.0 व्होल्टची. अडलेल्या संगणकावर मल्टिमीटरनेही 1.97 दाखवले. मग पहिल्यावर कसा चालला? होस्टचा पुलडाउन 14.25 पासून 24.8 किलोओहमपर्यंत काहीही असलेला नियमात बसतो. तो 24 च्या आसपास असेल, तर हाच बोर्ड 2.3 व्होल्ट गाठतो. शिवाय काही चिप 2.0 च्या जरा खालीही 'हाय' धरतात. म्हणून 'आमच्याकडे तर चालतो' या उत्तराला काडीचाही अर्थ नाही.

जुना रेझिस्टर काढत बसू नका, पॅड (बोर्डावरचा तांब्याचा ठिपका) उखडतो. 3.3 व्होल्ट आणि डी प्लस यांच्यामध्ये 1.8 किलोओहमचा रेझिस्टर समांतर जोडा, दोन्ही मिळून 1.53 किलोओहम होतात. मी तेच केलं आणि अडलेल्या संगणकाने बोर्ड तत्काळ ओळखला. काय बरं वाटलं!

हो, त्याआधी बोर्डावरच्या चिपची डेटाशीट (माहितीपत्रक) बघा. बऱ्याच मायक्रोकंट्रोलरमध्ये पुलअप आतच असतो, तिथे बाहेरून दुसरा लावायचा नाही. आणि बोर्डाला स्वतःचा वीजपुरवठा असेल, तर होस्टचे 5 व्होल्ट आल्यावरच पुलअप चालू व्हायला हवा.

टाइप-सी सॉकेट असेल तर आणखी एक बघा: दोन्ही सीसी पिनांना (केबल जोडल्याचं ओळखणाऱ्या पिना) वेगवेगळे 5.1 किलोओहमचे पुलडाउन हवेत. ते नसतील तर सी-टू-सी (दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या) केबलने बोर्डाला वीजच मिळत नाही.