इहलारा ते सेलिमे: पूर्ण दरीची चालनोंद

तुर्कस्तानात कापाडोकियातल्या टूरवाल्यांच्या 'ग्रीन टूर'मध्ये इहलारा दरी असते, पण त्यात पायऱ्या उतरून बेलिसिर्मा गावापर्यंतचे जेमतेम तीन-चार किमी चालून होतात. ही नोंद इहलारा गाव ते सेलिमे अशा पूर्ण १४ किमीची आहे. सह्याद्रीत फिरणाऱ्याला वाट सोपी वाटेल. रॉक पॅच नाही, मोठा चढ नाही. चुकतं ते वेळेचं गणित. खडकात कोरलेली, भिंतींवर चित्रं असलेली बहुतेक चर्च मधल्या टप्प्यात दाटलेली आहेत, आणि सरासरी वेग धरून आखणी केली की नेमका तिथलाच वेळ कापला जातो.

दिशा: मेलेंदिझ नदी इहलाराकडून सेलिमेकडे वाहते, म्हणून प्रवाहाबरोबर चालावं. उतार हलका आहे, पायांना फारसा कळतही नाही. खरा फायदा उजेडाचा. दरी साधारण आग्नेयेकडून वायव्येकडे जाते, त्यामुळे पायऱ्यांच्या बाजूच्या चर्चांच्या तोंडावर सकाळी उजेड असतो आणि पलीकडच्या काठावर दुपारनंतर. उलट दिशेने आल्यास पायऱ्यांच्या बाजूची चर्च अंधारात पाहायला मिळतात.

खडक: हसनदाग (३,२६८ मी) आणि आसपासच्या ज्वालामुखींची राख घट्ट होऊन बनलेला टफ, त्यात नदीने १०० ते १५० मीटर खोल चिरलेली दरी. वेरूळच्या बेसाल्टपेक्षा हा दगड कितीतरी सहज कोरला जातो. पण तो झिजतो आणि सुटतोही तितक्याच सहज. कडे उभ्या भेगांवर सुटतात, पावसानंतर आणि हिवाळ्यात भेगांतलं पाणी गोठून फुगलं की ढलपे कोसळतात. तळात पडलेले घराएवढे धोंडे तिथूनच आलेत. काही चर्चांचा दर्शनी भाग अख्खा गायब आहे, त्याचं कारणही हेच. टेकायला दगड शोधताना वरचा कडा एकदा बघून घ्यावा.

० ते ३.५ किमी, इहलारा गाव ते पायऱ्या. सव्वा तास. पॉपलर आणि विलोची सावली, पाण्याला लागून मातीची पायवाट, मध्येच धोंड्यांतून वाकून जावं लागतं. एप्रिलमध्ये चिखल. कोकार आणि पुरेनली सेकी ही चर्च पायऱ्यांच्या अलीकडे याच टप्प्यात येतात, पाट्यांवर लक्ष ठेवा, कारण दोन्हींसाठी पायवाट सोडून वर चढावं लागतं. कोकारची वेदीमागची भिंत पडलेली आहे आणि आत जायचं ते त्या भगदाडातूनच. त्यामुळे आत शिरताच आपण वेदीच्या जागी उभे असतो, चित्रांचा क्रम लावताना हे ध्यानात ठेवा. छतावर नक्षीत गुंफलेला मोठा क्रूस आहे, मधोमध आशीर्वादाचा हात.

पायऱ्यांच्या तळाशी. इथे दोन तास राखून ठेवा, अडीच मिळाले तर उत्तम. वरच्या तिकीटघरापासून इथे पावणेचारशेच्या वर पायऱ्या उतरतात आणि टूरचे गट साधारण साडेदहा-अकरापासून लोटू लागतात. गेट उघडताच गावातून निघाल्यास त्यांच्या आधी पोहोचता येतं. आधी आआचआल्ती: घुमटात ख्रिस्ताचं स्वर्गारोहण, भिंतीवर सिंहांच्या मध्ये दानिएल. जरा पुढे सुंबुल्लू, दुमजली दर्शनी भागाचं. मग पूल ओलांडून यिलानली, म्हणजे सापांचं चर्च, तिथे अंतिम निवाड्याच्या चित्रात पापी स्त्रियांना साप डसताहेत. एकच चर्च नीट पाहायचं असेल तर हे पाहा. चेहरे बरेच खरवडलेले आहेत, पण चित्राचा धाक अजून कमी झालेला नाही.

उजेडाबद्दल: फ्लॅश बंदच ठेवायचा. हेडलॅम्प कमी उजेडावर, रुंद झोतावर, आणि भिंतीला तिरका धरा. समोरून मारलेला झोत गिलाव्यावर चमकतो आणि रंग फिके दिसतात, तिरक्या झोतात कोरलेल्या ओळी आणि नंतरच्या लोकांनी खरडलेली नावंही वाचता येतात. भिंतीला हात, पाठ, सॅक काहीच लावू नका, गिलावा मागून सुटलेला असतो.

पायऱ्या ते बेलिसिर्मा, साडेतीन ते चार किमी, दीड तास. गावाजवळ किर्कदामआल्ती, म्हणजे संत जॉर्जचं चर्च, उंचावर आहे, धाप लागते. पण तिथल्या दात्यांच्या चित्रासाठी चढाच. थामार नावाची स्त्री संताला चर्चची प्रतिकृती देते आहे, दुसऱ्या बाजूला फेटा आणि काफ्तान (लांब अंगरखा) घातलेला बासिल जियागुपेस. शिलालेखात सेल्जुक सुलतान मसूद दुसरा आणि बायझंटाइन सम्राट अँड्रोनिकोस दुसरा या दोघांचीही नावं आहेत, म्हणून काळ १२८३ ते १२९५च्या दरम्यान ठरतो. मुस्लिम राज्यात, दोन्ही राजांचं नाव घेऊन रंगवलेलं चर्च! गावातल्या दिरेकली चर्चमध्ये खांब आहेत, आणि बासिल व कॉन्स्टंटाइन या बायझंटाइन सम्राटांचा उल्लेख, म्हणजे ९७६ ते १०२५.

बेलिसिर्मात नदीत लाकडी मचाणं टाकून जेवण देतात. ट्राउट मासा सगळीकडे. शाकाहारींनी चीज किंवा बटाट्याचं गोझलेमे (सारण भरलेली पातळ पोळी) आणि आयरान (ताक) मागावं. पाण्याच्या बाटल्या इथेच भरा, पुढच्या टप्प्यासाठी माणशी दीड लिटर. नदीचं पाणी पिऊ नये.

बेलिसिर्मा ते सेलिमे, सहा-सात किमी, दोन तास. माणसं एकदम विरळ होतात. दरी रुंदावते, सावली तुटक, याप्राखिसार गावाजवळ टफचे सुळके. मेंढपाळांची कुत्री भेटली तर पळू नका, थांबून आवाज द्या आणि लांबून वळसा घ्या. जीपीएस अरुंद भागात कड्यांमुळे भरकटतो, त्यामुळे ट्रॅक १४च्या जागी १६ दाखवला तर गोंधळू नका.

सेलिमेचा मठ शेवटी येतो, आणि तिथेच पाय थकलेले असतात. चढ तीव्र, टफवर बारीक भुगा असतो आणि उतरताना अक्षरशः घसाऱ्यासारखा सटकतो. खोल नक्षीचा सोल हवा, झिजलेले बूट नकोत. पाऊस पडून गेला असेल तर वरचे भाग सोडून द्या. खांबांच्या दोन रांगांचं चर्च आणि काजळीने काळं झालेलं उंच धुराड्याचं स्वयंपाकघर, एवढ्यासाठी तास हवा. दरीचं तिकीट इथेही लागतं, फेकू नका.

परतीसाठी गाडी असेल तर ती सकाळीच सेलिमेत लावून टॅक्सीने इहलारा गावात जावं. संध्याकाळी वाहन शोधण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. नसेल तर अक्साराइ शहराचं शेवटचं दोल्मुश (शेअर मिनीबस) किती वाजता, हे सकाळीच चालकाला विचारून ठेवा.

राहिलेली चर्च: आला आणि बहात्तिनिन सामानलई, दोन्ही बेलिसिर्मात. पुढच्या नोंदीत तीच, आणि जवळचं गुझेलयुर्त गाव.